पगाराआधी फंडाचे वय विचारा

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे : खासगी गुंतवणुकीच्या क्षेत्रातील पहिली नोकरी

प्रश्न : मी सव्वीस वर्षांची चार्टर्ड अकाउंटंट आहे. आर्टिकलशिप सांगलीतल्या एका फर्ममध्ये केली. तिथे शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रींचे आणि दोन साखर कारखान्यांचे ऑडिट केले. त्यानंतर दोन वर्षे पुण्यात एका मोठ्या ऑडिट फर्ममध्ये आहे. आता मला गुंतवणुकीच्या बाजूला जायचे आहे आणि तीन ऑफर एकाच वेळी हातात आल्या आहेत. पहिली बेंगळुरूच्या एका व्हेंचर कॅपिटल फंडाची, म्हणजे नव्या कंपन्यांत भांडवल गुंतवणाऱ्या फंडाची आहे. पॅकेज २४ लाखांचे सांगतात, पण त्यातले १८ लाख पक्के आणि ६ लाख हे कॅरीचे, म्हणजे फंडाच्या नफ्यातल्या वाट्याचे ‘अंदाजे वार्षिक मूल्य’ आहे. त्यांचा पहिला फंड ६० कोटींचा असून तो २०२१ मध्ये सुरू झाला. दुसरा १५० कोटींचा फंड उभारणे चालू आहे, आणि त्याच्या कॅरीत मला अर्धा टक्का वाटा मिळेल, तो पाच वर्षांत पक्का होईल, असे पत्रात लिहिले आहे. दुसरी ऑफर मुंबईतल्या प्रायव्हेट क्रेडिट फंडाची, म्हणजे बँकांप्रमाणे कंपन्यांना कर्जाऊ पैसे पुरवणाऱ्या खासगी फंडाची आहे. त्यात १५ लाख पक्के आणि ४ लाखांपर्यंत बोनस आहे. त्यांचा दुसरा फंड ९०० कोटींचा असून गेल्या वर्षी पूर्ण उभा राहिला आहे. तिसरी पुण्यातच खराडीला एका परदेशी कंपनीची आहे. पगार १४ लाख, आणि काम जगभरच्या प्रायव्हेट इक्विटी (खासगी कंपन्यांत हिस्सा घेणाऱ्या) फंडांचे हिशेब व मूल्यांकन पाहण्याचे. वडील निवृत्त झाले आहेत, धाकट्या भावाचे शिक्षण चालू आहे आणि दहा दिवसांत उत्तर द्यायचे आहे. सगळेजण सांगतात की व्हेंचर कॅपिटलची ऑफर सोडू नये. मी काय करावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या पत्रातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तुम्ही पगारासोबत प्रत्येक फंडाचा आकार आणि त्याचे साल लिहिले आहे. या क्षेत्रात नोकरी निवडताना बहुतेक तरुण फर्मचे नाव आणि पगार पाहतात, आणि फंड आपल्या आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर आहे हे विचारायचे राहून जाते. खरे तर पुढची तीन वर्षे तुम्ही रोज काय काम कराल, ते याच एका गोष्टीवर सर्वाधिक अवलंबून असते.

असे का, ते थोडक्यात सांगतो. आपल्याकडे असे फंड सेबीच्या २०१२ च्या पर्यायी गुंतवणूक निधी नियमांखाली नोंदले जातात. व्हेंचर कॅपिटल पहिल्या प्रवर्गात मोडते, तर प्रायव्हेट इक्विटी आणि प्रायव्हेट क्रेडिट साधारणपणे दुसऱ्या प्रवर्गात येतात. या दोन्ही प्रवर्गांतले फंड मुदतबंद असतात. मुदत संपल्यावर ती वाढवायची असेल तर मूल्याच्या हिशेबाने दोन-तृतीयांश गुंतवणूकदारांची संमती लागते, आणि तीही जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी मिळते. म्हणजे फंडाला जन्मतारीख असते आणि शेवटही ठरलेला असतो. इक्विटीच्या फंडात पहिली चार-पाच वर्षे कंपन्या शोधणे, तपासणे आणि पैसे गुंतवणे चालते, तर उरलेली वर्षे त्या कंपन्या सांभाळणे आणि विकणे यात जातात. उसाच्या तोडणीला आलेल्या माणसाला लागणीची निगा शिकायला मिळत नाही, तसेच पाचव्या वर्षी फंडात दाखल झालेल्या असोसिएटला (कनिष्ठ कर्मचाऱ्याला) गुंतवणुकीचा निर्णय कसा घेतला जातो हे फारसे पाहायला मिळत नाही. त्याच्या वाट्याला बहुतांशी तिमाही अहवाल येतात.

आता हीच कसोटी बेंगळुरूच्या ऑफरला लावून पाहा. २०२१ चा ६० कोटींचा फंड बहुतेक गुंतवून झालेला असणार. दुसरा फंड अजून कागदावर आहे. त्याचा ‘फर्स्ट क्लोज’ झाला आहे का, म्हणजे गुंतवणूकदारांनी सह्या करून पहिल्या टप्प्याची रक्कम बांधील केली आहे का, हे तुमच्या पत्रात नाही. ते त्यांनी तुम्हाला सांगितलेले नसेल तर आधी तेच विचारा. फंड चालवणाऱ्या कंपनीचे उत्पन्न म्हणजे व्यवस्थापन शुल्क, आणि ते साधारणपणे वर्षाला दोन टक्क्यांच्या आसपास असते. ६० कोटींचे दोन टक्के म्हणजे १ कोटी २० लाख. त्यात कार्यालयाचे भाडे, भागीदारांचे पगार, वकील, हिशेबनीस आणि प्रवास हे सगळे बसवायचे असते. तुमचे १८ लाख म्हणजे त्या उत्पन्नाचे पंधरा टक्के. शिवाय गुंतवणुकीचा काळ संपल्यावर अनेक फंडांत हे शुल्क मूळ रकमेऐवजी शिल्लक गुंतवणुकीवर मोजले जाते, त्यामुळे ते वर्षागणिक घटत जाते. दुसरा फंड लांबला तर काटकसर कुठून सुरू होईल, याचा विचार तुम्ही करा. ते भागीदार प्रामाणिक नाहीत असे मी म्हणत नाही. प्रामाणिक आणि हुशार लोकांचेही फंड उभे राहायला दोन-दोन वर्षे लागतात. पण ती वाट पाहण्याचा खर्च या क्षेत्रातल्या पहिल्या नोकरीवर आलेल्या मुलीने उचलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कॅरीच्या ६ लाखांवर थोडे जास्त थांबतो, कारण या एका आकड्याने ती ऑफर सगळ्यात मोठी दिसते आहे. कॅरी म्हणजे फंडाच्या नफ्यातला व्यवस्थापकांचा वाटा, आणि तो बहुधा वीस टक्के असतो. वर्षाला ६ लाख याप्रमाणे पाच वर्षांचे ३० लाख होतात. तुमचा वाटा कॅरीच्या अर्धा टक्का आहे, म्हणजे ३० लाख मिळायचे तर एकूण कॅरी ६० कोटी हवी, आणि त्यासाठी नफा ३०० कोटी हवा. दुसऱ्या शब्दांत, १५० कोटींच्या फंडाने ४५० कोटी करून दाखवले पाहिजेत. त्यातही दरवर्षीचे शुल्क आणि खर्च वजा जाता प्रत्यक्ष कंपन्यांत सव्वाशे कोटींच्या आसपासच रक्कम जाईल, आणि तिलाच साडेतीन पटींहून अधिक वाढावे लागेल. असे फंड असतात, पण हा ‘अंदाज’ नव्हे, ही उत्तम निकालाची आशा आहे.

नफा झाला की कॅरी मिळतेच असेही नाही. आधी गुंतवणूकदारांना ठरलेला किमान परतावा द्यावा लागतो. तो आपल्याकडे बहुधा आठ ते दहा टक्क्यांच्या घरात असतो, आणि तो भागल्यावरच कॅरी सुरू होते. समजा फंडाने पैसे दुप्पट केले. गुंतवणूकदारांचे पैसे सरासरी सात वर्षे अडकले असतील तर हा परतावा वर्षाला दहा टक्क्यांच्या थोडा वर जातो आणि काहीतरी हाती लागते. तेच पैसे सरासरी दहा वर्षे अडकले तर परतावा सात टक्क्यांच्या किंचित वर पडतो, आणि कॅरी शून्य होते. सुरुवातीच्या टप्प्यावरच्या कंपन्यांना दहा वर्षे लागणे ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. म्हणून ऑफरची तुलना करताना हे ६ लाख सरळ खोडून टाका. मग पगार १८ विरुद्ध १५ असा उरतो, आणि २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीनुसार कर भरून हा फरक महिन्याला साधारण वीस हजारांचा पडतो. मुंबईच्या फंडाने बोनस पूर्ण दिला तर तोही भरून निघतो.

पुण्याच्या ऑफरकडे तुच्छतेने पाहू नका. फंडाने गुंतवणूकदारांकडून टप्प्याटप्प्याने पैसे मागवणे, आलेली रक्कम ठरलेल्या क्रमाने वाटणे, तिमाहीला प्रत्येक कंपनीचे मूल्य ठरवणे, या गोष्टी खराडीत बसून तुम्ही इतक्या खोलवर शिकाल, की पुष्कळ गुंतवणूक करणाऱ्यांनाही त्या तशा येत नाहीत. कामाचे तास बहुधा ठरलेले असतात आणि घर जवळ राहते. वडिलांच्या तब्येतीसारखे कारण असते, तर मी हीच ऑफर घ्यायला सांगितले असते. मात्र तिथून गुंतवणुकीचा निर्णय घेणाऱ्या खुर्चीकडे जाणारा रस्ता अरुंद आहे. दोन-तीन वर्षांनी मुलाखतीला गेल्यावर ‘तुम्ही किती व्यवहार केले?’ असे विचारतात, आणि त्या प्रश्नाला तिथल्या कामातून उत्तर मिळत नाही. तुमचे ध्येय तुम्ही ‘गुंतवणुकीच्या बाजूला जायचे आहे’ असे लिहिले आहे, म्हणून ही ऑफर मी तिसऱ्या क्रमांकावर ठेवतो.

राहिली मुंबई. माझा कौल तिला आहे. त्याचे पहिले कारण म्हणजे फंडाचे वय. ९०० कोटी पूर्ण उभे आहेत आणि गुंतवणूक नुकती सुरू झाली आहे, म्हणजे पुढची दोन-तीन वर्षे तुमच्या टेबलावरून प्रकरणामागून प्रकरण जाईल. दुसरे कारण प्रायव्हेट क्रेडिटच्या स्वभावात आहे. व्हेंचर कॅपिटलमध्ये आपला निर्णय बरोबर होता की चूक, हे कळायला सात-आठ वर्षे जातात. कर्जात व्याजाचा पहिला हप्ता तीन महिन्यांत येतो किंवा येत नाही. तीन-चार वर्षांत मुद्दल परत आलेले, मुदत वाढवून मागितलेले आणि थकलेले, असे तिन्ही प्रकार तुम्ही सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलेले असतील. शिकण्याच्या वयात इतक्या लवकर निकाल दाखवणारे काम क्वचित मिळते.

तिसरे कारण तुमच्या आर्टिकलशिपमध्ये आहे, आणि ते तुमच्या स्वतःच्या लक्षात आलेले दिसत नाही. आपल्याकडचे हे फंड थेट कर्ज देत नाहीत, तर कंपनीचे अपरिवर्तनीय (शेअरमध्ये न बदलणारे) कर्जरोखे घेतात. त्यासाठी विश्वस्त नेमला जातो, मालमत्तेवर बोजा चढवला जातो, प्रवर्तकांचे शेअर गहाण घेतले जातात आणि येणारी रक्कम एस्क्रो खात्यात, म्हणजे त्रयस्थाच्या ताब्यातल्या खात्यात वळवली जाते. हे सगळे कागदावर चोख असले, तरी कर्ज फिटते ते कारखान्याच्या रोख पैशातून. फाउंड्रीच्या स्टॉक स्टेटमेंटमधला माल आणि शेडमध्ये प्रत्यक्ष पडलेला माल यांत किती अंतर असू शकते, हे तुम्ही स्वतः मोजले आहे. साखरेच्या साठ्यावर एकाच वेळी किती जणांचा हक्क असतो, हंगाम संपल्यावर पैसा कुठे अडकतो, एमआयडीसीचा भूखंड भाडेपट्ट्याचा असल्याने तो गहाण ठेवायला महामंडळाची परवानगी लागते, या गोष्टी तुम्हाला सवयीने माहीत आहेत. मोठ्या व्यवस्थापन संस्थांतून आलेल्या तुमच्या सहकाऱ्यांना त्या शिकायला वेळ लागेल. मुलाखतीत शिरोलीचा अनुभव लपवू नका, तोच पुढे ठेवा.

या व्यवसायाला आपल्या देशात जोर कसा आला, तेही जाणून घ्या, कारण त्यातूनच त्याचे धोके कळतात. २०१६ मध्ये दिवाळखोरी संहिता आली आणि कर्ज देणाऱ्याचा हात बळकट झाला. सप्टेंबर २०१८ मध्ये पायाभूत प्रकल्पांना पैसे पुरवणारी आयएल अँड एफएस ही वित्त कंपनी कोलमडली, त्यानंतर वित्त कंपन्या आणि म्युच्युअल फंड यांनी मध्यम उद्योगांना आणि बिल्डरांना पैसे देताना हात आखडता घेतला, आणि ती जागा या फंडांनी भरली. एखादी कंपनी विकत घेण्यासाठी कर्ज देण्यावर बँकांना वर्षानुवर्षे बंधने होती, तेही काम यांच्याकडे आले. ऑक्टोबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने ही बंधने सैल करण्याचे जाहीर केले, त्यामुळे पुढे बँकांशी स्पर्धा वाढेल, हे लक्षात ठेवा. आणि तारण किती फसवे असू शकते, ते जानेवारी २०१९ मध्ये दिसले. ‘झी’ वाहिन्यांच्या एस्सेल समूहाच्या प्रवर्तकांनी (मूळ मालकांनी) गहाण ठेवलेले शेअर एका दिवसात कोसळले आणि कर्ज देणाऱ्यांना, त्यात म्युच्युअल फंडही होते, वसुलीसाठी सप्टेंबरपर्यंत थांबण्याचे मान्य करावे लागले. सगळ्यांनी एकदम विकायला काढलेल्या शेअरला भाव उरत नाही, म्हणून शेअर गहाण आहेत एवढ्यावर कर्जाचा निर्णय करता येत नाही.

म्हणून होकार देण्यापूर्वी मुंबईच्या फंडाला काही गोष्टी विचारा. पहिल्या फंडातले किती पैसे गुंतवणूकदारांच्या हातात प्रत्यक्ष परत गेले? कागदावरचा परतावा नव्हे, परत गेलेली रोख रक्कम. किती प्रकरणे थकली, आणि त्यातल्या एकाची वसुली कशी झाली? या प्रश्नाला ‘आमचे एकही कर्ज थकले नाही’ असे उत्तर आले, तर अधिक खोलात जा, कारण कधीकधी नवे कर्ज देऊन जुने फेडून घेतले जाते. याच शंकेमुळे रिझर्व्ह बँकेने १९ डिसेंबर २०२३ रोजी बँका आणि वित्त कंपन्यांवर अशा फंडांत पैसे ठेवण्याबाबत कडक निर्बंध घातले. पुढे मार्च २०२४ मध्ये ते काहीसे सौम्य झाले आणि जुलै २०२५ मध्ये अंतिम निर्देश आले. तेव्हा या फंडात पैसे कोणाचे आहेत, तेही विचारा. कर्जांपैकी बांधकाम क्षेत्रात किती, हा प्रश्न तर मी तुमच्यासाठी निर्णायक मानतो. बहुतेक रक्कम मुंबई-पुण्याच्या बिल्डरांकडे जात असेल, तर तुम्ही बिल्डरांचे कर्ज उत्तम शिकाल, पण कारखान्यांचे ज्ञान वाया जाईल आणि पुढचे दरवाजे कमी होतील. असे निघाले, तर माझा कौल मी बदलेन.

आणखी एक. तुमचे वरिष्ठ नेमके कोण असतील आणि गुंतवणूक समितीच्या बैठकीत तुम्हाला बसता येईल का, हे स्पष्ट करून घ्या. स्वतः लिहिलेल्या टिपणावर अनुभवी माणसे आपसात वाद घालताना ऐकणे, यासारखे दुसरे शिक्षण या व्यवसायात नाही. शक्य असेल तर ज्याच्या जागी तुम्हाला घेत आहेत, त्या माणसाशी बोला. चांगल्या फर्म त्याला हरकत घेत नाहीत.

कर्जाच्या बाजूने सुरुवात केली तर इक्विटीकडे जाता येणार नाही, अशी भीती तुम्हाला कोणीतरी घालेल. ते स्थलांतर आपोआप होत नाही, हे खरे आहे. पण जिने तीन वर्षे ‘पैसे कसे बुडू शकतात’ याचा अभ्यास केला आहे, तिला वाढीचा हिशेब शिकवणे सोपे जाते. उलट बाजूने येणाऱ्यांना जोखीम मोजायला शिकवणे मला नेहमी अवघड वाटले आहे.

दहा दिवसांची मुदत कमी आहे, पण एका आठवड्याची वाढ लेखी, कारणासह आणि नम्रपणे मागितली तर ती बहुधा मिळते. एका ठिकाणी होकार देऊन दुसरीकडे जाण्याचा मोह मात्र टाळा. मुंबईत हे काम करणारी माणसे एकमेकांना ओळखतात, आणि ज्या फंडाला तुम्ही फसवाल तो पुढच्या प्रकरणात तुमच्या समोरच्या खुर्चीत बसलेला असू शकतो.

प्रश्न : माझ्या मुलाला एमबीएनंतर एका प्रायव्हेट इक्विटी फर्ममध्ये नोकरी मिळते आहे. पत्रात दोन वर्षांचा बॉण्ड आहे, आधी सोडल्यास तीन लाख आणि जॉइनिंग बोनस परत द्यायचा आहे, आणि नोकरी सोडल्यावर एक वर्ष कोणत्याही स्पर्धक फर्ममध्ये जायचे नाही अशी अट आहे. शिवाय ज्या नावाचा फंड सांगतात, ते नाव सेबीच्या यादीत मला सापडले नाही. ही अट कायद्याने टिकते का, आणि फर्म खरी आहे का?
— एक पालक, नाशिक

उत्तर : नोकरी सोडल्यानंतर दुसरीकडे काम करायचे नाही, ही अट भारतात साधारणपणे टिकत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २७ नुसार कोणालाही कायदेशीर व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. पण नोकरी चालू असतानाची बंधने वेगळी आहेत. कल्याणजवळच्या सेंच्युरी कंपनीच्या कारखान्यातला एक कर्मचारी पाच वर्षांचा करार अर्धवट सोडून स्पर्धकाकडे गेला, तेव्हा कराराच्या उरलेल्या मुदतीपुरते बंधन सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये योग्य ठरवले. बॉण्डच्या रकमेबाबतही गाफील राहू नका. विजया बँकेच्या प्रकरणात २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्याबद्दल घेतलेली दोन लाखांची भरपाई वैध मानली. म्हणजे ‘बॉण्डला काही अर्थ नसतो’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला चुकीचा आहे. रक्कम वाजवी असेल आणि मालकाचा खरोखर खर्च झाला असेल, तर ती वसूल होऊ शकते.

म्हणून तीन लाख कशाबद्दल, हे फर्मला विचारा. प्रशिक्षणाचा खर्च असेल तर जितके महिने नोकरी केली तितक्या प्रमाणात ती रक्कम कमी होत जावी, अशी दुरुस्ती मागा. ही मागणी अवाजवी नाही. जॉइनिंग बोनस परत करायचा झाल्यास करकपात होऊन हाती आलेली रक्कम परत द्यायची की पूर्ण, हेही लिहून घ्या, कारण एका आर्थिक वर्षात कर भरलेली रक्कम पुढच्या वर्षी परत करताना मुलाचेच नुकसान होते. गोपनीयतेची अट मात्र पूर्णपणे टिकते, आणि टिकायलाही हवी. नोकरी बदलताना आर्थिक मॉडेल किंवा कंपन्यांची माहिती सोबत नेणे हा गंभीर भंग आहे, आणि तो बॉण्डपेक्षा कितीतरी महाग पडतो.

यादीबद्दल लगेच घाबरू नका. सेबीकडे नोंद फंडाची होते, आणि तुमचा मुलगा नोकरी करणार तो फंड चालवणाऱ्या व्यवस्थापन कंपनीत. दोघांची नावे निराळी असू शकतात. फंड परदेशात नोंदलेला असेल आणि इथली कंपनी फक्त सल्ला देत असेल, तर तो या यादीत दिसणारच नाही. नियुक्तिपत्रावर ज्या कंपनीचे नाव आहे तिची माहिती कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पाहा. स्थापनेचे साल, संचालक आणि वार्षिक विवरणे वेळेवर भरली आहेत का, हे तिथे कळते. फंड भारतातला असल्याचा त्यांचा दावा असेल तर नोंदणी क्रमांक मागा आणि तो यादीशी ताडून पाहा. क्रमांक द्यायला टाळाटाळ झाली तर नोकरी घेऊ नये.

आणि एक गोष्ट तुमच्यासाठी. अशा फर्ममध्ये काम करणाऱ्यांना सेबीच्या २०१५ च्या इनसायडर ट्रेडिंग (आतल्या माहितीवर शेअरचे व्यवहार) रोखणाऱ्या नियमांखालची आचारसंहिता लागू होते, आणि तिच्या कक्षेत जवळचे नातेवाईकही येऊ शकतात, विशेषतः ते आर्थिकदृष्ट्या अवलंबून असतील किंवा शेअरचे निर्णय त्या व्यक्तीला विचारून घेत असतील तर. तुम्ही स्वतः शेअर बाजारात व्यवहार करत असाल, तर मुलगा रुजू होण्याआधी त्या फर्मचे नियम वाचून घ्या.

प्रश्न : मी मडगावला एका बँकेत लघुउद्योगांच्या कर्ज विभागात तीन वर्षे काम करते. पणजीतल्या एका उद्योजक कुटुंबाने स्वतःची गुंतवणूक सांभाळण्यासाठी फॅमिली ऑफिस सुरू केले आहे आणि मला दीडपट पगारावर बोलावले आहे. जावे का?
— एक वाचक, गोवा

उत्तर : वर फंडाच्या वयाबद्दल जे लिहिले ते इथे लागू होत नाही, कारण कुटुंबाच्या पैशाला मुदत नसते. इथे सगळे काही एका-दोन माणसांच्या स्वभावावर ठरते. फायदा असा की कुटुंब स्वतः अनेक फंडांत पैसे घालत असेल, आणि एका फंडात किमान १ कोटी रुपये घालावे लागत असल्याने ते निर्णय गांभीर्यानेच घेतले जातात, तर वेगवेगळ्या फंडांचे प्रस्ताव, शुल्के आणि अटी एकाच टेबलावर तुलना करून पाहायला मिळतात. फंडात नोकरी करणाऱ्याला ही संधी नसते. धोका असा की हळूहळू कुटुंबाचे प्राप्तिकर, जमिनीचे दावे आणि हॉटेलांची बिले तुमच्याकडे सरकतील आणि गुंतवणूक रविवारी संध्याकाळी उरेल.

गेल्या दोन वर्षांत त्यांनी कुठे-कुठे गुंतवणूक केली आणि कोणते प्रस्ताव नाकारले, याची यादी दाखवायला सांगा. नाकारलेल्या प्रस्तावांची कारणे लिहून ठेवलेली असतील, तर तिथे पद्धत आहे असे समजा आणि जरूर जा. कारणे फक्त मालकांच्या लक्षात असतील, तर बँकेतली नोकरी अजून वर्ष-दोन वर्षे करा. लघुउद्योगांच्या कर्जांचा अनुभव असलेल्या माणसांची प्रायव्हेट क्रेडिट फंडांना गरज असते, आणि तिथे अर्ज करताना तुमच्या हातून मंजूर झालेली आणि थकलेली, दोन्ही प्रकारची प्रकरणे सांगता यायला हवीत. दोन्हींची टिपणे कर्जदाराचे नाव आणि बँकेची गोपनीय माहिती वगळून आजपासूनच ठेवायला लागा.